फाटक्या पानावरचा हात

मनिला,
८ फेब्रुवारी १९९८

ती. मानंग नीनफा हिस,
सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. खरं तर मी वैतागलोय, आणि ते ऐकून घ्यायला मोठ्या बहिणीशिवाय कोण आहे?

गेल्या शनिवारी इस्पितळातली पाळी संपवून जुन्या पुस्तकांच्या गल्लीत शिरलो. एका टपरीवर सुतळीने बांधलेला गठ्ठा दिसला. भुतांच्या चित्रकथा, साल १९७३, ७४. तीच गं! तिया बेबांगच्या दुकानात दोरीला चिमट्यांनी टांगलेली असायची ती. एका अंकाच्या भाड्यात दोघं बाकावर बसून वाचायचो. तू मोठ्याने वाचायचीस आणि मी तुझ्या दंडात नखं रुतवून ऐकायचो. गठ्ठा उचलला आणि खांद्यावर टाकून खोलीवर आणला.

रविवारी चर्चला दांडी मारून एकवीस अंक वाचले. मानंग, डोकं फिरलं माझं. चित्रं अजून देखणी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. नारळीच्या झावळीची एकेक रेघ काढली आहे त्या माणसाने. पण गोष्टी? पांढरा झगा घातलेली बाई कबरस्तानात एकटी का जाते, हे एकवीस अंकांत एकानेही सांगितलेलं नाही. कुणी दिवा लावत नाही. पाद्री दर वेळी माणूस मेल्यावर पोचतो. रक्तपिशाचाचे सुळे एका चौकटीत वर आणि पुढच्या चौकटीत खाली. आधीच्या मालकाने सगळ्या भुतांना पेनाने मिशा काढल्या आहेत, आणि खरं सांगतो, त्या शोभतात. यांना आपण भ्यायचो? यांच्यापायी मी परसात एकटा जायचो नाही?

मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे आणि तीच नेमकी सापडत नाही. नारळीच्या बागेतली आजी. नातू बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आजी पायरीवर बसलेली असते, हात पुढे करते. नातू रीतीप्रमाणे तो हात घेऊन कपाळाला लावतो. मग कळतं की आजीला पुरून तीन दिवस झालेत. त्याच्या कपाळावर काळी पाच बोटं उमटतात, आणि संध्याकाळची घंटा थांबायच्या आत तो मरतो.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ती गोष्ट ऐकल्यापासून मी तातायचा, सख्ख्या बापाचा, हात घेतलेला नाही. त्यांच्यापुढे उभा राहिलो की अजून कपाळ गार पडतं. बत्तीस वर्षांचा घोडा झालो, तरी! तीसुद्धा बाकीच्यांसारखी हास्यास्पद निघाली की मी सुटलो. म्हणून तिचं नाव कळव.

ताताय बरे असतीलच. मुलांना पापा. तुझा लोभ आहे, तो या वेड्या भावावरून, तुझ्या तोतोवरून, काढून घेऊ नकोस.

तुझा,
रेनान्ते

•

मियागाओ,
१९ फेब्रुवारी १९९८

चि. तोतो यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तातायच्या हाताला तू का भितोस यावर दहा ओळी, आणि तो हात आता कसा आहे याबद्दल एक प्रश्न नाही. 'बरे असतीलच!' नाहीत बरे. ऑक्टोबरमधल्या झटक्यानंतर उजवा हात जो पडला तो पडलाच. सकाळी मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवते. चाळीस वर्षं ज्या हाताने कोळंबी मिठात कुटून, आंबवून गिनामोस केलं, त्याच्यावर आता माशी बसली तरी डाव्या हाताने हाकलावी लागते.

नाताळात आलास तेव्हा तू पाहिलं असशील म्हणावं, तर कुठचं? माझ्या तिन्ही मुलांनी रांगेत उभं राहून आजोबांचा हात उचलून कपाळाला लावला. तू दारातून 'कसे आहात, ताताय' म्हणालास आणि पिशवीतून सफरचंदं काढत बसलास. सफरचंदं एवढा वेळ कोण काढतं रे?

आणि भित्र्या, तू दिवसभर करतोस काय? परक्या माणसांचे हात धरून सुयाच खुपसतोस ना? तेव्हा तुझं कपाळ गार पडत नाही?

तुझं पत्र आलं की ते विचारतात, पहिली ओळ काय आहे. या गल्लीत कुणाचा मुलगा जहाजावर, कुणाची मुलगी हाँगकाँगला. सगळ्यांच्या पत्रांची पहिली ओळ ठरलेली, 'तुमचा हात माझ्या कपाळाला.' पोस्टमन पाकीट देताना तेच म्हणत देतो. मी सांगते, ताताय, पत्र माझ्या नावाचं आहे. ते 'बरं' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. मला दोघांचाही राग येतो. त्यांचा, कारण ते मागत नाहीत; तुझा, कारण तू देत नाहीस.

गोष्टीचं नाव मला आठवत नाही. वर्गात बावन्न पोरं आहेत माझ्या, असला कचरा कोण लक्षात ठेवील! तो गठ्ठा रद्दीत घाल आणि पवित्र आठवड्यात घरी ये. बोटीचं तिकीट आत्ताच काढ, नंतर मिळत नाही म्हणून रडू नकोस.

रागावले आहे म्हणजे माया आटली असं समजू नये.

तुझी,
मानंग

•

मनिला,
१ मार्च १९९८

ती. मानंग नीनफा हिस,
सा. न. वि. वि.

सापडली!

तुझ्या शिव्या खाऊनही मी गल्लीत जायचं सोडलं नाही. तीन शनिवार घालवले. टपरीवाला मला लांबून बघूनच मान हलवायला लागला होता. काल त्याने बाकाखालच्या खोक्यातून एक अंक काढून हातात ठेवला. ऑगस्ट १९७४. पायरीवरची आजी, मागे नारळीची बाग, तोच पुढे आलेला हात. तिथेच उभ्याने वाचायला घेतली.

मानंग, शेवट तो नाही.

सहावं, म्हणजे गोष्टीचं शेवटचं पान समोर ठेवून लिहितो आहे. नातू हात घेतो, कपाळाला लावतो. आजी म्हणते की बाकीची नातवंडं मला बघून पळाली, तू एकट्यानेच माझा हात घेतलास. आता मी सुखाने जाते. आणि ती हसते. हसते! शेवटच्या चौकटीत पायरी रिकामी, नातवाच्या खिशात आजीची जपमाळ, वर सूर्य. संपलं. काळी बोटं नाहीत. कुणी मरत नाही. साधं खरचटतसुद्धा नाही कुणाला.

मी पान उजेडात धरलं, पुढची-मागची पानं चिकटलीत का पाहिलं. टपरीवाल्याला विचारलं की याचा दुसरा शेवट कुठे छापला होता का. तीस वर्षं तो हाच धंदा करतोय. तो म्हणाला, साहेब, एवढ्या पैशात एकच शेवट मिळायचा. मला हसू आलं नाही. आठ वर्षांचा असल्यापासून मी ज्या पानाला भितोय, ते पान कुणी छापलेलंच नाही. अंक भिंतीवर फेकला, मग फाटला तर नाही ना म्हणून पुन्हा उचलून इस्त्री केल्यासारखा सपाट केला. अशी माझी गत.

मला तेव्हा धड वाचता येत नव्हतं. बाकावर वाचत होतीस तू. मग बोटं कुठून आली? बावन्न पोरांची सबब नको. सरळ उत्तर दे.

लोभाचं मागाहून बघू.

रेनान्ते

•

मियागाओ,
१० मार्च १९९८

चि. तोतो यास,
अ. उ. आ.

बोटं माझी.

तिया बेबांगच्या अंकाला शेवटचं पान नव्हतंच. भाड्याचे अंक ते, शंभर हातांतून गेलेले. कुणीतरी फाडून नेलं असणार. मी अकरा वर्षांची, भाडं भरलेलं, आणि तू डोळे वटारून 'मग? मग?' करत होतास. पान नाही असं सांगायला मला कमीपणा वाटला. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. घंटा झाली की घरी जाऊन तातायचा हात घ्यायचा, हे रोजचंच. तेच डोक्यात आलं आणि मी वाचत असल्यासारखं करून सांगून टाकलं. तू किंचाळलास. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

घरी गेलो. तातायने हात पुढे केला आणि तू नानायच्या मागे लपलास, आईचा झगा घट्ट धरून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तातायने मला बाजूला घेऊन विचारलं, याला काय झालं? सांगितलं तर मार बसेल म्हणून मी म्हटलं, माहीत नाही. बस, एवढंच. नंतर सांगू म्हणता म्हणता ते सांगायचं वय निघून गेलं.

आता जे तुला माहीत नाही ते ऐक. चौथ्या दिवसापासून ताताय किनाऱ्यावरून आले की आधी विहिरीवर जायला लागले. परसातल्या झाडाची कालामान्सी लिंबं तोडायचे, अर्धी करायचे आणि दोन्ही हातांना चोळायचे. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. मीठ लागून हात फाटलेले असायचे, त्यावर लिंबाचा रस. मग घरात येऊन हात पुढे करायचे. त्यांना वाटलं, पोराला गिनामोसचा वास सहन होत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते. रोज.

तू कॉलेजला गेलास तेव्हा ते थांबले. पण तू सुट्टीत यायचा असलास की झाडाखाली सालं पडलेली दिसायची. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि डाव्या हाताने उजवा हात दाखवून म्हणाले, नीनफा, याला जरा कालामान्सी चोळ, तोतो येतोय. मी चोळली, तोतो. मेल्या हाताला. आणि तू सफरचंदं काढलीस.

तुझं पत्र आल्यावर मी काल त्यांना सगळं सांगितलं. गोष्ट, फाटलेलं पान, माझा खोटा शेवट. मग त्यांनी विचारलं, म्हणजे वासामुळे नव्हतं? मी म्हटलं, नव्हतं. पुन्हा थोड्या वेळाने विचारलं, नक्की? जेवताना तिसऱ्यांदा विचारलं.

माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण इथे येऊन काढ. पत्रातून येणारा राग मला पुरत नाही. यापुढे माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव, मला मागायला तोंड नाही.

तुझी,
मानंग

•

मनिला,
१७ मार्च १९९८

ती. ताताय यांस,
तुमचा हात माझ्या कपाळाला.

ही एक ओळ लिहायला तीन कागद फुकट गेले. मानंग हे पत्र वाचून दाखवील. ती मध्येच रडायला लागली तर तिला पाणी द्या आणि पुढे वाचायला लावा. मी तिच्यावर अजून रागावलेला आहे. आल्यावर आमचं जोरात भांडण होईल, तुम्ही मध्ये पडू नका.

बोटीचं तिकीट काढलं आहे. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ४ एप्रिलला, दुपारपर्यंत पोचेन. तो अंक बरोबर आणतो आहे, सहाव्या पानासकट. तुम्हाला मी स्वतः वाचून दाखवीन. गोष्ट फालतू आहे, पण आजी छान काढली आहे.

तुमचा हात आता वर येत नाही, तो घेणाऱ्याने उचलावा लागतो, असं मानंगने लिहिलं आहे. मी उचलीन. दिवसभर माझं तेच काम असतं, सवय आहे.

लोभ मागण्याइतका मी वागलेलो नाही, तरी तो तुम्ही ठेवलात हे मला आता कळलं. एकच मागणं आहे. मी येईन त्या दिवशी हाताला कालामान्सी लावू नका.

तुमचा,
तोतो