आडाच्या तळाची वाकळ

आत्याबाई, सासू होता तुम्ही माझ्या, पण आईवाणी बोललात आन् आईवाणी रागावलात, म्हणून तुम्हालाच लिहिती. शिक्रापूर आता तुम्ही वळखायच्या न्हाईत. परड्यात मेथी लावायचात तिथं मी खोल्या काढल्यात, हायवेच्या कॉलेजची पोरंपोरी राहत्यात. रोज दारात पार्सलवाला. एका शर्टाला एक खोकं, खोक्यात पिशवी, पिशवीत आणिक पिशवी. परीक्षा झाली की गाद्या, बादल्या, चांगल्या धड चपला सोडून जात्यात. मी म्हंते, "जुनं झालं की चावतं का रं तुम्हाला?" तर हसत्यात. "आजी, नवीन येतंय की!"

परवा वरच्या खोलीतली पोरगी फॉर्म घेऊन आली. त्यांना पर्यावरणाचा विषय असतो, त्याचा प्रोजेक्ट. "आजी, आमच्या खोल्यांचा कचरा जातो कुठं?" मी तिला मागं नेऊन आपला आड दावला. थर्माकोल, बाटल्या, खोकी, पार काठापर्यंत. तिचं तोंडच उतरलं. "हे आम्ही केलं? आम्ही तर डब्यात टाकतो." मी म्हणाले, "मग काय मी केलं? पहिल्यापासनं भाडेकऱ्यांचंच हाय हे." तिनं ते लिहून घेतलं. घंटागाडी न्हाई आली की डबा कोण ओततं, ते तिनं इचारलं न्हाई.

मी नवी आल्ते तवा कळशीतलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं. तुम्ही चुलीपुढनं उठून आलात. "तुझ्या बापानं शेंदलंय का गं?" म्हणालात आन् दोर माझ्या हातात दिलात. सांजपातूर मी शेंदतीया, तळहाताची साल निघालीया, आन् तुम्ही परत चुलीपुढं. जेवताना मात्र त्याच हाताला लोणी लावलंत. पहिल्या बाळंतपणाला मला वाकळ शिवून दिलीत. तुमची दोन लुगडी, मामंजींचं धोतर, माझा फाटका परकर, घरातली एक चिंधी वाया गेली न्हाई. शेवटच्या दुखण्यात तीच वाकळ मी तुमच्या अंगाखाली घातली. तुम्ही गेलात. मेल्या माणसाचं अंथरूण नदीला सोडायचं असतं. नदी लांब, पाव्हणे दारात, मला कुठला येळ! नळ नुकताच आल्ता, आडावर कुणी जात नव्हतं. वाकळ गुंडाळली आन् दिली सोडून आडात. शेजारीण बघत होती. आठवड्यानं तिनं फुटका माठ टाकला. मग कुणी कुणाला इचारलंच न्हाई.

आता रविवारी पोरं आड उपसणार हायत. दोर, हातमोजे, सगळं आणलंय. पोरगी म्हंती, "आमची घाण आम्हीच काढतो, आजी. पार तळापर्यंत." तळाला काय हाय ते मला ठाऊक. तिला सांगायला दोनदा जिना चढले. पहिल्यांदा ती फोनवर बोलत होती. दुसऱ्यांदा नव्हती बोलत, तरी मी खाली आले.

हा कागद तुम्हाला पाठवायचा म्हंजी आडातच टाकायला पायजे. म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवती. रविवारी मी दौंडला लेकीकडं चालले. तिनं बोलावलेलं न्हाई.