उपासाचं मीठ अन् विहाराची चौकशी

कामरगाव

आदरणीय इंद्रभानदादास,

भागिरथाचा मानाचा जयभीम. तुहे गुडघे कसे आहेत? वयनीच्या खोकल्याले आराम पडला काय? इकडं आमी मजेत आहोत. (लिवा लागते म्हणून लिवलं.)

माह्या गळ्याले सूज आली हे तुले माहीत आहे. अकोल्याच्या डॉक्टरनं थायरॉईडची एक खास तपासणी लावून देली अन् तोवर आयोडीनचं मीठ बंद म्हणून सांगतलं. घरचं मीठ बंद करणं सोपं, पण मी पडली चिवड्याची माणूस. फुलचंदच्या दुकानात चष्मा लावून एकेक पुडा वाचत उभी राह्यली. रंगाचा नंबर लिवेल, कारखान्याचा पत्ता लिवेल, अन् मिठाच्या जागी नुसतं 'मीठ'. त्यात आयोडीन आहे का नाही, याचा ठिकाणा नाही. फुलचंद म्हणे, काकू, मीठ लिवलं त मीठच असन. मंग मी पुड्यावरच्या नंबराले फोन लावला. तिकडची पोरगी लय गोड बोलली, तक्रार नोंदवली म्हणे, अन् वरून मलेच त्याइचा नवा मसाला चिवडा खाऊन पाहा म्हणे. आधीच्यात काय आहे ते सांग, मंग नवा खातो, असं म्हटल्यावर तिनं फोन ठेवला. मी काही सोडलं नाही, रोज लावतो.

आखरीले फुलचंदनं उपासाचं सैंधव मीठ देलं. त्याच्यावर 'आयोडीन नाही' असं ठळक लिवेल होतं. इथंच घोटाळा झाला. बाजूले रंगूबाई साबण घेऊन राह्यली होती. मी घरी पोचाच्या आधी, भागिरथाबाईनं उपास धरले, ही बातमी विहारात पोचली. संध्याकाळी समितीचा अध्यक्ष संघपाल चौघाइले घेऊन ओसरीवर हजर. बराच वेळ घसा साफ करून त्यानं विचारलं, "आत्या, तुमी एकादशी धरली काय?"

"माह्या बापानं छप्पनमध्ये दीक्षा घेतली, तवा तुहा जल्मही नव्हता," मी म्हटलं. "मी मिठापायी धर्म सोडीन काय?"

रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राह्यली अन् साऱ्याइले पुड्याची गोष्ट सांगतली. ते भलतंच लागू पडलं. दुसऱ्या दिवशी आयोडीनच वाईट समजून अर्धी वस्ती फुलचंदकडं उपासाचं मीठ मागाले. संघपालची सून रूपा दोन जिवाची, तिच्याही घरी तेच आणलं. मंग मीच घरोघर फिरून ते पुडे वापस आणले. मले काही दिवस आयोडीन नको म्हणजे रूपाले नको असं नाही, तिच्या लेकराले ते लागतेच, डॉक्टरनं हेही सांगतलं होतं. संघपाल म्हणे, आत्या, तुमी काल एक बोलता, आज एक.

"दोन्ही खरं आहे," मी म्हटलं, "म्हणूनच त पुड्यावर लिवा म्हणतो."

दादा, मी हटत नाही. ते पोरगी फोन उचलून थकन, मी लावून थकणार नाही.

तुही बहीण,
भागिरथा

ता. क. तपासणी मंगळवारी आहे. प्रसेनजित सुट्टी काढतो म्हणत होता, मी त्याले एकटी जातो म्हणून सांगतलं. दादा, मले लय भेव लागून राह्यलं. सोमवारीच ये.

आणखी एक. आल्यावर प्रसेनजितले हे सांगजो नको. त्याले वाटते, माही आई कोणालेच भेत नाही.