तंदूर नान धरेना

आदरणीय सालिहा आपा हिला कोकंदहून हुरियतचा सलाम.

तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि दोन्ही शेळ्या बऱ्या असतील. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. मूल झालं, आता सुनेचं ताश्कंदचं शिक्षण पुरे, तिला घरी बसव, असं तू कळवलंस. वाचलं. आता माझं ऐक.

शुक्रवारी माझ्या दिलराबोला मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. आपल्या तंदुरातला नान त्यांच्यापुढे मोडला की सोयरीक पक्की. (मुलाची आत्या तुला माहीत आहे, चहात माशी पडली तरी अपशकुन म्हणून उठून जाईल.) तंदूर नवा कोरा. मी सकाळी त्याला सरकीचं तेल भरपूर चोळलं, जरासा जाळ केला आणि नान थापला. तो घसरला आणि निखाऱ्यात तोंडावर पडला. दुसराही तसाच. तिसऱ्यानं थोडा वेळ आशा लावली, मग तोही गेला. मी कुंभाराचा जो उद्धार केला तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

नाफिसा आली, तंदुराच्या गार काठावर तिनं पाण्याचा एक थेंब सोडला आणि वाकून बघत बसली. (ताश्कंदला हेच शिकतात, कुठला थेंब कशावर कसा बसतो.) मी म्हटलं, "पाहुणे येतायत नि तू थेंब काय बघतेस गं?"

"आई, बघा ना, गोळी होऊन बसलाय. तेलकट भिंत पाण्याला जवळ करत नाही. नानची पाठ ओली, तिला तरी कशी धरेल? पिठाचे नि मातीचे बारीक कण एकमेकांना ओढतात, पण मध्ये तेल बसलंय."

मग तिनं माझी हिवाळ्याची तुतीची लाकडं सगळी आत घातली. भिंत काळी झाली, मग पांढरी पडली. जरा निवल्यावर मिठाचं पाणी शिंपडलं, ते भिंतीनं पिऊन टाकलं. नान असा बसला की मला भीती, आता निघतो की नाही. ती म्हणाली, "भाजून पाठ कोरडी झाली की आपण होऊन भिंत सोडेल."

"म्हणजे नवऱ्यासारखाच."

"तुमच्या मुलाला सांगू का, आई?"

सोडली की गं त्यानं. आत्याबाईंनी नान उचलून पाठ निरखली, मातीचा कण नाही. मग मोडला. पोरीची सोयरीक त्या थेंबानं जुळवली. सुनेच्या शिक्षणाला यापुढे कुणी नाव ठेवलं तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी हुरियत

ता. क. तेल भरपूर चोळ, असं तूच सांगितलं होतंस. जाळायचं सांगितलं नव्हतंस.

ता. क. नाफिसा सोमवारी ताश्कंदला परत चालली. नातू मला एकटीला आवरत नाही. कुणीतरी घरी बसायला हवं हे तुझं म्हणणं मला पटलं. तुझी गादी घालून ठेवली आहे, रविवारपर्यंत ये.