चहा गार होईपर्यंत

हेरफर्ड,
२० एप्रिल १९५८

ती. हेस्टरआत्यास,
फिलिपाचा कोपरापासून नमस्कार. वि. वि.

आत्या, मी लग्न करतेय! आता खाली बस आणि हातात चहाचा कप असेल तर तो टेबलावर ठेव.

त्याचं नाव बार्नबी टली. आमच्या दवाखान्यात अक्कलदाढ काढायला आला होता. डॉक्टरांनी तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि अर्धा तास गप्प पडून राहायला सांगितलं. पण हा बोळ्यांसकट मला आपलं गाव, आईचा संधिवात आणि कुत्र्याच्या आवडीनिवडी सांगत बसला. शेवटी डॉक्टर खोलीतून निघून गेले. मी मात्र थांबले, आणि थांबले ती थांबलेच! इतकी हसले गं मी त्या दिवशी, की संध्याकाळी माझाच जबडा दुखत होता.

धंदा सांगायलाच हवा, सांगते. गुरांच्या बाजारात तो लिलाव पुकारतो. तू आत्ता कपाळाला हात लावलास ना? मला इथून दिसतंय.

आपल्या घरची रीत मी विसरलेली नाही. मुलीला मागणी घालणाऱ्याने ब्लूबेलची निळी फुलं फुललेली असताना घरातल्या थोरल्या माणसाबरोबर मागच्या रानात जायचं, त्या आडव्या पडलेल्या ओकच्या झाडावर बसायचं, समोर चहाचा मग ठेवायचा आणि तो गार होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. विल्फ्रेडकाका तुला मागणी घालायला आले, तेव्हा आजोबांनी त्यांना असंच बसवलं होतं. आता थोरली तूच. बाबा युद्धावरून परत आले नाहीत तेव्हापासून माझे आईबाप दोन्ही तूच आहेस, म्हणून चौदा जूनला माझा हात धरून मला चर्चमध्ये त्याच्यापर्यंत तूच न्यायचंस. दुसऱ्या कुणाचा हात मला नको.

माया आहे ती आहेच, फक्त या महिन्यात जरा जास्त असू दे.
तुझी (आनंदाने येडी झालेली)
फिलिपा

ॲशकोम,
२३ एप्रिल

चि. फिलिपास,
अनेक आशीर्वाद.

चहा सांडला. असली बातमी द्यायची तर कप आधी खाली ठेवायला सांगावं, नंतर नाही. माझा चांगला स्कर्ट गेला.

तुझ्या लिलाववाल्याला मी ऐकलंय. मार्चमध्ये शेजारच्या मिसेस प्रॉसरबरोबर बाजारात गेले होते. तो श्वास कधी घेतो हे देवच जाणे. माझ्या नाकावर माशी बसली म्हणून मी हात हलवला, तर त्या पठ्ठ्याने एक कालवड जवळजवळ माझ्या गळ्यात मारली. मिसेस प्रॉसर मध्ये पडली म्हणून वाचले. आणि असला माणूस आपल्या रानात गप्प बसणार? तिथे पान पडलं तरी ऐकू येतं, बाई!

तरी रीत ती रीत. चार मेच्या रविवारी पाठव त्याला. ब्लूबेल तोवर पुऱ्या फुलतील. तू यायचं नाहीस, तू त्याला हसवशील. पाऊलवाट सोडायची नाही, एकही फूल तुडवायचं नाही आणि शिट्टीसुद्धा वाजवायची नाही. नापास झाला तर लग्न मी मोडणार नाही, तेवढी दुष्ट मी नाही. पण मग तुझा हात मी धरणार नाही. हम्फ्रीमामा नेतील तुला. ते प्रत्येक बाकापाशी थांबून लोकांच्या तब्येतीची चौकशी करतात, तेव्हा वेदीपाशी पोचायला जेवणाची वेळ होईल.

शनिवारी-रविवारी तू येतेस तेवढंच या घरात कुणी बोलतं. एरवी मी आणि घड्याळ. असो, भलतंच लिहीत बसले.

तुझ्या भल्याचीच काळजी वाहणारी,
हेस्टरआत्या

हेरफर्ड,
१ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इथे हाहाकार माजलाय. बार्नबी गप्प बसायचा सराव करतोय. सोमवारी सकाळी नाश्त्याला तो काहीच बोलला नाही, तर घरमालकीणबाईंना वाटलं ह्याला झटका आला. त्यांनी डॉक्टरला बोलावलं! डॉक्टर विचारतात कुठे दुखतंय, आणि हा नुसती मान हलवतोय. शेवटी पावावर लोण्याने ‘बरा आहे’ असं लिहून दाखवलं. मी हे ऐकलं आणि दवाखान्यात हसत हसत औषधांचं तबक उपडं केलं.

त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शिंक आली तर चालेल का? आणि चुकून तुझ्या पायावर पाय पडला, तर ‘सॉरी’ म्हणायची मुभा आहे का? तो म्हणतो, बाकी सगळं गिळीन, पण ‘सॉरी’ नाही म्हटलं तर रात्रभर झोप लागणार नाही.

आत्या, मी गंमत करतेय खरी, पण रात्री उठून कॅलेंडर बघत बसते. हम्फ्रीमामांबरोबर नको गं पाठवूस मला.

तुझीच,
फिलिपा

(पोस्टकार्ड)
ॲशकोम, २ मे

चि. फिलिपास, आ. वि. शिंक चालेल. ‘सॉरी’ चालणार नाही. माझ्या पायावर पाय पडला तर मी सोसेन, तोही सोसो. — हे. आ.

हेरफर्ड,
५ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काय केलंस तू त्याला?

काल संध्याकाळच्या बसने तो परत आला. मी स्टँडवर नाचतच गेले होते. काय झालं, पास की नापास, असं दहादा विचारलं. तो म्हणाला, ते आत्याच सांगतील. एवढंच! बार्नबी टलीच्या तोंडून तीन शब्द! बसमध्ये जागा असूनही तो उभा राहून आला, असं कंडक्टरने सांगितलं. माझ्याकडे जेवायला थांबला तर कपाटाला टेकून उभ्याउभ्याने जेवला. मी खुर्ची ओढली, तर खुर्चीकडे असा बघायला लागला जणू ती चावणार आहे. मध्येच माझा हात धरला आणि म्हणाला, तुझी आत्या फार मोठी बाई आहे. आणि डोळे पुसले!

मी हसू की रडू तेच कळत नाहीये. तो नापास झालाय आणि सांगायला घाबरतोय, असंच मला वाटतंय. उलट टपाली कळव, नाहीतर मी कामावर रजा टाकून तिथे येऊन थडकेन.

जीव टांगणीला लागलेली,
फिलिपा

ॲशकोम,
७ मे

चि. फिलिपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पास झाला. घे, पहिल्याच ओळीत सांगितलं. आता कप-बशा फोड हव्या तर.

बाई, रविवार काय दिवस उगवला होता! बीचच्या झाडांची पानं इतकी कोवळी, की उजेडच हिरवा झाला होता, आणि खाली नुसती निळाई. तुझा बार्नबी पाऊलवाटेवरून असा चालत होता, जणू चर्चमध्ये उशिरा शिरलाय. आम्ही ओकवर बसलो. मी चहाचा मग भरून समोर ठेवला. सुतारपक्षी टकटक करत होता. बार्नबी गप्प. कुकू ओरडली. बार्नबी गप्प. तोंड लाल, कपाळावर घाम, पण गप्प!

आणि मग ऐक काय झालं. बोलले ती मी.

कसं सुरू झालं ते विचारू नकोस. विल्फ्रेडकाकांपासून सुरू झालं. ह्याच ओकवर आजोबांनी त्यांना बसवलं होतं, आणि हेझलची झुडपं तोडून दमलेला तो माणूस चक्क झोपी गेला. असा घोरला की पाखरं उडाली! आजोबा म्हणाले की घोरणं म्हणजे बोलणं नव्हे, पास. हे मी आजवर तुलाही सांगितलेलं नाही, त्यांना लाज वाटायची म्हणून. ते सांगितलं आणि मग बांधच फुटला. काका गेले त्यानंतरचा हिवाळा, त्यांची रिकामी खुर्ची, सकाळी अजूनही दोन कप काढते आणि एक परत ठेवते, तू लग्न करून गेलीस की शनिवारही तसाच जाईल, सगळं बोलले. चहा कधीच गार झाला असेल, मगाकडे बघितलंय कुणी! तीन वर्षांचं साठलेलं बोलून झालं तेव्हा बघते तर त्या पोराच्या गालांवरून पाणी वाहतंय, पण ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं की चहा गार झाला, आता बोल. तर मानेनेच हो म्हणाला आणि माझा हात धरून मला उठवलं.

नापास मी झाले, फिलिपा. तो नाही. तुझा हात मीच धरणार आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय.

तुला डोळे भरून पाहायला आतुर,
हेस्टरआत्या

हेरफर्ड,
९ मे

ती. मिसेस हेस्टर ब्लाय यांस,
(‘आत्या’ म्हणायचा हक्क पुढच्या ओळीनंतर राहील की नाही, शंकाच आहे.)
बार्नबी टलीचा सा. न. वि. वि.

फिलिपाने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं आणि मला घेऊन खोलीभर नाचली. मी नाचलो, पण मन खात होतं. बाजारात लंगडी गाय असेल तर मी लंगडी म्हणूनच पुकारतो. मग स्वतःला खोट्या गुणांवर कसा खपवू?

त्या ओकमध्ये लाल मुंग्यांचं वारूळ आहे. मी बरोबर त्यावर बसलो होतो. पहिला चावा कुकूच्या आधीच बसला. शब्द काढायचा नाही असा नियम होता, आणि उठून उभं राहिलो तर तुम्हाला वाटेल की मला तुमच्या रानाचा कंटाळा आला. म्हणून बसून राहिलो. तुम्ही माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलंत ते सुरुवातीला मुंग्यांमुळे होतं. ते खरं धरून तुम्ही मला पास केलं असेल, तर कृपा करून नापास करा. वाटल्यास मी पुन्हा येईन. फक्त बसायची जागा बदलता आली तर उपकार होतील.

एवढंच म्हणेन की तुम्ही दोन कपांचं सांगितलंत, तिथपासून मला मुंग्यांची आठवण राहिली नाही. माझी आईही दोन कप काढते.

फिलिपाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला हम्फ्रीमामांची धास्ती आहे. काय ठरवाल ते मान्य.

रागावलात तरी थोडी जागा मनात ठेवा.
आपला नम्र,
बार्नबी टली

ॲशकोम,
११ मे

चि. बार्नबीस,
हेस्टरआत्याचे अनेक आशीर्वाद. (हो, आत्याच.)

अरे वेड्या, त्याच ओकवर मीही बसले होते!

तीस वर्षांत त्यावर कुणाला बसवायची वेळ आली नाही, तेवढ्यात मुंग्यांनी घर केलं. मला पहिला चावा बसला तेव्हा किंचाळायच्या ऐवजी मी बोलायला सुरुवात केली. चहा गार व्हायच्या आत थोरल्या माणसानेच उठणं बरं दिसलं नसतं, आणि तू एवढा शांत बसलेला, तुझी परीक्षा मी कशी मोडू? म्हणजे दोघंही एकमेकांसाठी वारुळावर बसून राहिलो! हे मी मिसेस प्रॉसरला सांगितलं, तर ती पोट धरून खालीच बसली. मला अजून खाली बसवत नाही, त्याचा तिला आणखी आनंद.

माझ्याही डोळ्यांत पाणी होतं रे, आणि मीही ते मुंग्यांच्याच नावावर खपवत होते. तेव्हा आपण दोघं फिटंफाट. पास तो पास.

आता एक ऐक. लग्न झाल्यावर दर रविवारी दोघं जेवायला या. तुझ्या आईलाही घेऊन ये, इथे कप पुष्कळ आहेत. आणि आल्या आल्या बोलायला लाग. गाय, वासरू, कुत्रा, काय वाटेल ते पुकार, अगदी शेजारपाजारापर्यंत ऐकू जाऊ दे. गप्प बसायला मागे रान आहे, बाळा. या घरात आता कुणी गप्प बसायचं नाही.

चर्चमध्ये मी फिलिपाला भराभर चालवत आणीन, तू तिथे तयार राहा. येताना एक जाड उशी आण.

वाट पाहणारी,
तुझी आत्या