टोमॅटोसाठी गच्ची

३ मे २००१, सकाळ
बँकेतून व्हीआरएस घेऊन महिना झाला. रिकामटेकडा म्हणणाऱ्यांना आजपासून उत्तर मिळणार! मेव्हणा बसाप्पा जयसिंगपूरहून टोमॅटोचे दोन क्रेट टाकून गेला. बाजारात कुणी विचारीना म्हणे. मासिकात वाचलंय, इटलीत टोमॅटो उन्हात वाळवून तेलात ठेवतात. प्रोसेस सोपी. चिरा, मीठ लावा, वाळवा. आमची ही, रत्नव्वा, म्हणाली, वाळवणातलं आधी बायकांना विचारा. आता ऊन काय बायकांच्या मालकीचं हाय?

४ मे, सकाळ
बिल्डिंगच्या बायकांनी गच्चीच्या पाळ्या लावल्यात. आज खालच्या सुगराभाभींची. त्यांची तमन्ना लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आलीय, पुढच्या रविवारी सासरी परत जाणार. तिच्याबरोबर द्यायच्या हातशेवया बाजल्यावर वाळत घातल्यात. नेमकं कडक ऊन तिथंच. शेवयांना एवढं ऊन कशाला? बाजलं टाकीखाली सरकवलं. याला मॅनेजमेंट म्हणतात.

४ मे, संध्याकाळ
घात झाला. टोमॅटो धुवायला मोटर लावली आणि जरा डोळा लागला. टाकी भरून वाहिली. बाजल्यावर नुसता लगदा. ओव्हरफ्लोचा पाइप त्याच बाजूला काढायचा असतो होय? प्लंबर बेअक्कल.
सुगराभाभी वर आल्या आणि मटकन खालीच बसल्या. बाजलं कुणी सरकवलं, विचारत होत्या. मी म्हणालो, वानरं असतील, अलीकडं कळंब्याच्या तळ्याकडून येतात. वानर बाजलं कसं सरकवेल, हे कुणी विचारलं नाही. वाचलो.

५ मे
सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण भाभींचा चेहरा उतरलेला. अशा वेळी जाणं बरं दिसत नाही. उद्या.

७ मे
टोमॅटो वाळले. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यासारखे झालेत, पण इटलीतही असेच असणार. वाळवणाच्या भरल्या मिरचीला रत्नव्वा घालते तेवढंच मीठ लावलं होतं. रात्री त्यांचीच आमटी केली. आमच्या लेकीनं, सौंदर्यानं, एक घास खाल्ला आणि तांब्याच तोंडाला लावला. नव्या चवीची सवय नाही पोरीला.
रत्नव्वा मात्र हल्ली घरात टिकत नाही. घरातली कामं उरकली की खाली जाते. कसली बैठक चालते कोण जाणे!

९ मे
टोमॅटो शेंगतेलात बुडवून बरणी भरली. ही भाभींना द्यायची आणि सगळं सांगायचं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. जिन्यात पहिल्या मजल्यावरचे हंबीरराव भेटले. काय पावणं, वानरं काय म्हणत्यात, असं विचारून हसत सुटले. माणूस मोकळा आहे. पण माझा फ्लो गेला. परत आलो.

१२ मे, शनिवार
उद्या तमन्ना जाणार. आज नाही तर कधीच नाही. बरणी घेऊन गेलो.
आत दोरीवर नव्या शेवया, आणि पाटावर शेवया वळत बसलेली आमची रत्नव्वा! कोपरापर्यंत पीठ. मी म्हणालो, भाभी, ते वानराचं जरा...
भाभी शांतपणे म्हणाल्या, ह्या अक्कांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं, भावजी. म्हटलं, तुमी आज याल, उद्या याल. रोज चहा एक कप जास्त टाकत हुतो की.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या बिल्डिंगला माहीत, आणि मी आठ दिवस वानरांवर ढकलत बसलेलो. लाज वाटली. इथं तरी खरं लिहितो, फार लाज वाटली.
चुकलं म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं, की बरणीत ओला चमचा घालू नका.
रत्नव्वानं मान खाली घातली. तमन्ना उठून आत गेली. भाभींनी तरी कप पुढं केला. मी चहा पिऊन वर आलो.
चुकलं म्हणायचं राहिलंच.