दोघांत सगळ्यात ढ कुणी नसतो

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (घालताना गुडघा कटकन वाजला. तिथवर ऐकू आला असेल तर घाबरू नकोस.) तुझी साखर, वहिनींचा खांदा आणि अण्णांचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील असं समजतो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मी या वयात इंग्रजी शिकतोय, एवढं सोडलं तर काळजीचं काही नाही.

झालं असं, की आमचे म्हातारे मालक घरी बसले आणि त्यांची मुलगी दुकान बघू लागली. बाई हुशार आहे, बोलायला गोड आहे, आणि म्हणूनच भीती वाटते. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हा चौघा विक्रेत्यांना उभं करून सांगितलं, की हल्ली निम्मं गिऱ्हाईक इंग्रजी बोलतं, तेव्हा महिनाअखेर ज्याला इंग्रजीत गादी विकता येणार नाही त्याने गोदामात जायचं. दादा, तू आमचं गोदाम पाहिलेलं नाहीस. तिथे खिडकी नाही. गाद्या भिंतीला टेकून उभ्या असतात आणि माणसंही. एकवीस वर्षं मी भल्याभल्यांना गादीवर आडवं पाडलंय (एक न्यायाधीश तर चक्क घोरले होते), आणि आता मी प्लॅस्टिकच्या घड्या घालत बसू? घरी कुणाला सांगितलं नाही, पण सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला माणसाकडे नुसतं बघून कळतं. तिने खोदून खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी डबे भरता भरता स्वयंपाकघरात माझी शिकवणी सुरू झाली.

आता जे सांगतो ते नीट बसून वाच, कारण मी अजून थक्क आहे. आपल्याकडे विशेषण कसं ढिम्म असतं बघ. मऊ ते मऊच. शेजारी कितीही मऊ येवो, ते जागचं हलत नाही. 'पेक्षा' आणि 'सर्वांत' हे बिचारे सगळं ओझं वाहतात. इंग्रजीत तसं नाही. तिथे सॉफ्ट असतं, शेजारी दुसरी गादी ठेवली की पहिलीचं सॉफ्टर होतं, तिसरी आली की सॉफ्टेस्ट! शब्दाला शेपूट फुटतं, दादा. मी हातातला चहा खाली ठेवला. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याच्या डोक्याला काय म्हणावं? (त्या भरात मला वाटलं, की टीचर म्हणजे जरा जास्त टीच आणि सगळ्यात वरचा तो टीचेस्ट. सूनबाई तोंडाला पदर नसल्यामुळे फ्रिजमध्ये डोकं घालून हसली.) पुढे कळलं, की लांबलचक शब्दांना शेपूट पेलत नाही. कम्फर्टेबल घे. त्याच्यापुढे 'मोर' नावाचा एक शिपाई चालतो. आणि गुड? गुडचं गुडर होत नाही. बेटर होतं, मग बेस्ट. म्हणजे वस्तू इतकी चांगली झाली, की जुनं नाव तिला पुरेनासं झालं! मी दिवसभर गिऱ्हाइकांसमोर हाच विचार करत होतो. एकाने उशी मागितली तर चादर दिली.

पण खरा धक्का पाचव्या दिवशी बसला. सूनबाईने टेबलावर दोन चमचे ठेवले आणि विचारलं, "बाबा, यातला लांब कुठला?" मी ऐटीत लाँगेस्ट म्हणालो. "चूक," ती म्हणाली. "दोघांत 'एस्ट' लागत नाही. 'एस्ट'ला किमान तिघं लागतात." दादा, माझ्या अंगावर काटा आला. तुला आठवतं, सहावीत मी गणितात नापास झालो, तू शाळेत पहिला आलास, आणि अण्णा दोन्ही प्रगतिपुस्तकं पुढ्यात घेऊन म्हणाले, "या घरातला सगळ्यात ढ हा!" ते वाक्य मी लग्नात घेऊन गेलो, नोकरीत घेऊन गेलो, पोराचा गृहपाठ घ्यायला बसलो तेव्हाही ते माझ्या शेजारी बसलेलं असायचं. आणि आता कळतंय, की ते व्याकरणातच बसत नव्हतं! आपण दोघंच होतो. मी फार तर 'ढर' होतो. ढेस्ट नव्हतो! चव्वेचाळीस वर्षांचा डाग दोन चमच्यांनी धुऊन काढला. मी उठून सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला. तिला कारण कळलं नाही, पण तिने चमचे आवरले नाहीत.

महिनाअखेरीस परीक्षा झाली. दारातून एक उंच, पिकल्या केसांच्या बाई आल्या. आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर चालवतात, गाद्या हव्या होत्या, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मालकीणबाईने मला पुढे केलं आणि स्वतः दोन हात अंतरावर उभी राहिली. मी हार्ड, हार्डर, हार्डेस्ट म्हणत तीन गाद्या दाखवल्या. बाईंनी चपला काढल्या, उशीवर रुमाल अंथरला आणि तिन्हींवर शांतपणे पडून पाहिलं. मग काथ्याच्या साध्या गादीवर बसून स्प्रिंगच्या भारी गादीकडे बोट केलं आणि विचारलं, ती हिच्यापेक्षा बेटर का? मालकीणबाई माझ्याकडे बघत होती. 'येस' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्या पाठीला काथ्या काय सुख देतो हे मला एकवीस वर्षं माहीत आहे, आणि आदल्याच सकाळी सूनबाईने मला शेवटचा धडा दिला होता: अ‍ॅज गुड अ‍ॅज. काय वाक्य आहे, दादा! दोन्ही बाजूंना दोन 'अ‍ॅज', मधे विशेषण पालखीत बसल्यासारखं, कुणीच वर नाही की खाली नाही. तेच तोंडून निघालं. "धिस इज अ‍ॅज गुड अ‍ॅज दॅट," मी म्हणालो. मालकीणबाईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. आणि बाईंनी काथ्याच्या एकोणीस गाद्या मागवल्या.

त्या गेल्यावर मालकीणबाईने बिलाची वही मिटली. मी गोदामाची किल्ली मागून घेतली. तशी ती म्हणाली, "काका, ठेवा ती. ते अ‍ॅज-अ‍ॅज उद्या बाकीच्या तिघांना शिकवा." मी शिकवणार! मी, दादा!

वहिनींना नमस्कार. अण्णांच्या पायांना माझा हात लाव.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलं. जाताना त्या बाई दारात थांबल्या आणि स्वच्छ आपल्या भाषेत म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी फार गोड आहे हो." म्हणजे महिनाभराची सगळी धडपड तशी गरजेची नव्हती.

ता. क. दुसरं. पत्र लिहायचं खरं कारण हे, की तो दोघांचा नियम अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. उजव्या कानाशी, डावा पार गेलाय ना.

ता. क. तिसरं. थांब, वाचू नकोस. पत्र पाकिटात घालताना सूनबाई म्हणाली, "बाबा, पण आत्या?" आपली धाकटी बहीण, दादा! तेव्हा पाळण्यात होती म्हणून मी धरलीच नाही. तिघं झालो, म्हणजे 'एस्ट' लागू! मी हबकून तिला फोन केला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अरे, अण्णा मागच्या महिन्यात माझ्याकडे होते तेव्हा सांगत होते, की तेही सहावीत गणितात नापास झाले होते. म्हणाले, धाकटा अगदी माझ्यासारखा, म्हणून त्याच्यावरच जास्त ओरडलो." तू त्यांना काही विचारू नकोस. रविवारी मीच येतो. वहिनींना सांग, अण्णांच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवा.