मागेल त्याला

४ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर एकाच पेशंटची नोकरी म्हणजे मला सुट्टीच वाटतेय. घर गावाच्या टोकाला, दगडी, बसकं, पण आत लख्ख. माझी खोली स्वयंपाकघराला लागून. गादी नवी, उजेड भरपूर. कपाटाचा खण तेवढा रुसलेला आहे, ओढला की अर्ध्यात अडतो.

पेशंट म्हणजे गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. वाचा गेलीय, पाय गेलेत, उजवा हात लुळा. डावा तेवढा चालतो. मान सारखी वरखाली हलत असते, हो हो म्हटल्यासारखी. घरात दुसरं माणूस त्यांची सूनबाई. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला. ती सूतगिरणीच्या ऑफिसात असते, आठला बाहेर, सहाला घरात. मला सिस्टर म्हणते. गुरुजींकडे बघून म्हणाली, जन्मभर पोरांना नाही नाही म्हटलं, आता म्हातारपणी सगळं मंजूर. मला हसू आवरेना.

नोकरी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवली. सूनबाईनं त्यांच्याकडे मुद्दाम भाविक बाई मागितली होती, मागणाऱ्याला नाही न म्हणणारी. ऐकून सुखावले, खोटं कशाला बोलू. उपासनेत बसून डोळे मिटणं सोपं. रविवारचं शिकलेलं सोमवारी हातून घडायला हवं, असं मी यंदा मनाशी ठरवलंय.

६ फेब्रुवारी, बुधवार
गुरुजींशी जमलं. डाळीचं पाणी आवडतं, दूध नको असतं. मान होच म्हणते, म्हणून मी डाव्या हाताकडे बघते. मूठ मिटली की नको.

दुपारी तीनला मागच्या दारी एक माणूस आला. वय सांगता येईना. पायात काही नाही, कपडे धुतलेले. पाणी मागितलं. दिलं. तांब्या रिकामा करून उंबरठ्यावर ठेवला आणि गेला, एक शब्द न बोलता. आभाराची वाट बघायची नाही, हेही मी ठरवलेल्यातच बसतं.

९ फेब्रुवारी, शनिवार
तो रोज येतो, तीनच्या ठोक्याला. परवा भाकरी मागितली, काल माझी शाल. शाल दिली. आज आला तर अंगावर शाल नाही, हातातही नाही. विचारलं नाही. दिलेल्या वस्तूच्या मागे मन धावू लागलं, तर ती दिली कुठे?

सूनबाईला सुट्टी होती, पण अडीचलाच चप्पल घालून बाहेर पडली. फिरायला, म्हणाली. एवढ्या उन्हात?

१२ फेब्रुवारी, मंगळवार
आज तो म्हणाला, बाई, तुमची झोप द्या. मला वाटलं, थकलेल्या माणसाची चेष्टा. घ्या की, म्हटलं, नाहीतरी मी फार घोरते. तो हसला नाही. मान डोलावून गेला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. थकवा आहे, जांभया येतात, पण झोपेच्या जागी काहीच नाही. दात पडल्यावर जीभ हिरडीवर फिरावी, तशी मी त्या जागेवर फिरत राहते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
त्यानं आईचा चेहरा मागितला. मला आई नव्हती, म्हणाला, तुमची कशी होती ते सांगा आणि मला द्या. कळवळा आला. सांगितलं सगळं: कपाळावरचा व्रण, हसताना मिटणारे डोळे. घ्या, म्हटलं.

संध्याकाळी बॅगेतला फोटो काढला. फोटोत एक बाई आहे. कपाळावर व्रण आहे. मी तिला कधी पाहिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार
काल पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. भला माणूस, हसले नाहीत. झोप नसली की मन खेळ करतं, म्हणाले. जाता जाता म्हणाले, सिस्टर, स्वतःचं हवं तेवढं द्या, दुसऱ्याचं मात्र देऊ नका.

आज ते स्वतः येऊन मागच्या दारी बसले, अडीच ते चार. कोणी आलं नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
आला. गुरुजींचा डावा हात मागितला.

मी नाही म्हटलं. इथे आल्यापासूनची पहिली नाही. ते माझं नाही, म्हटलं. तो रागावला नाही. बरं, त्यांनाच विचारतो, म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग घराला वळसा घालून गुरुजींच्या खिडकीकडे जाणारी पावलं ऐकू आली. मी धावले. खिडकी बंद होती. तो काचेला तोंड लावून विचारत होता. पलंगावर गुरुजींची मान वर, खाली, वर, खाली. त्यांनी मूठ घट्ट आवळली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती सुटली.

हात गेला.

रात्री सूनबाईला समोर बसवलं. तिनं टाळाटाळ केली नाही. चार वर्षांपूर्वी तो तिच्याकडे आला होता. त्या दिवशी नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालेलं. तुमचा नवरा द्या, तो म्हणाला. घेऊन जा, ती म्हणाली. तेव्हापासून ती तीन वाजता घरात थांबत नाही. कोणी देणारं असलं की तो गुरुजींकडे वळत नाही, म्हणून भाविक बायका शोधते. माझ्याआधी तिघी झाल्या. पहिली निघून गेली, गुरुजींची वाचा गेली. दुसरी गेली, पाय. तिसरी, उजवा हात. डॉक्टर अर्धांगवायू म्हणतात.

आता काय उरलंय, मी विचारलं. श्वास, ती म्हणाली. तुम्ही जा सिस्टर, मी अडवणार नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार
बॅग भरली. एकला बसथांब्यावर होते. बस आली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, बाई, चढताय का?

पलंगावरचा माणूस मूठही मिटू शकत नाही आता. नको कसं म्हणेल?

बस गेली. तीनच्या आत परत आले, धापा टाकत. तो खिडकीकडे निघालेलाच होता. मी आडवी गेले. त्यांच्याकडे मागायचं नाही, म्हटलं, जे काय ते माझ्याकडे माग.

त्यानं आवाज मागितला. माझा शेवटचा शब्द "घे".

२१ फेब्रुवारी, गुरुवार
तोंड उघडते, वारा येतो नुसता. गुरुजी रडत होते. डोळे पुसले त्यांचे. आज डावा डोळा दिला.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. ताट वाढून दिलं, निघून गेली.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
डावा हात. एका हातानं पेशंटची कूस बदलणं— जमलं. बावीस वर्षांची सवय. गुरुजींच्या पाठीला जखम होऊ देणार नाही.

भीती वाटते. लिहून ठेवते, धीट नाही मी. दोन वाजले की दात वाजायला लागतात.

२४ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला गेले नाही. त्यांना एकटं कसं—

आज प्रभू मागितला त्यानं. तुमचा प्रभू द्या, आणि बाकीचं सगळं परत घ्या. झोप, आई, सगळं.

आईचा चेहरा त्याच्या हातात होता. पाहिला मी. क्षणभर.

मान हलवली. नाही. तो माझा नाही देऊन टाकायला, मीच त्याची— हे बोलता आलं नाही. नुसती मान.

मग उद्या, म्हणाला. उद्या शेवटचं मागेन.

२५ फेब्रुवारी, सोमवार
पावणेतीन. गुरुजींच्या पलंगाला पाठ लावून बसलेय. वही गुडघ्यावर, अक्षर लागेल तसं लागो—

पुढचं दार वाजलं. सूनबाई. या वेळेला? ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच. माझ्यापुढे उभी राहिली, माझ्या लुळ्या हातावर हात ठेवला. स्वयंपाकघरात गेली.

मागची कडी काढली तिनं.

तीन.

तो विचारतोय. ऐकू येतंय. आत दोघं आहेत, तो म्हणतोय, एक द्या. कोणतंही एक, मग तुमच्या दारी पुन्हा कधी—

ती गप्प.



सूनबाई, तू काहीही म्हटलंस तरी माझ्या मनात किल्मिष नाही. हे लिहून ठेवते, तुला वाचता—

बोलली. आतलं कोणीच माझं नाही द्यायला, म्हणतेय. रडतेय. एकदा दुसऱ्याचं दिलं, म्हणतेय, आता जे माझं आहे तेच—

नको. नको ग. आवाज नाही मला—

उठते. पाय आहेत अजून. तिला एकटीला त्या दारात मी